फोनवर ताऱ्यांच्या रेघा: शटर लांबवू नका, फ्रेम्स वाढवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनच्या प्रो मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत शटर मिळतं, ट्रायपॉड आहे, पण घर शहराच्या कडेला. ३० सेकंदांच्या फोटोत तारे जेमतेम ठिपक्यासारखे येतात आणि आकाश मातकट पिवळं होतं. अॅस्ट्रो मोड चार मिनिटं चालवला तरी रेघा नाहीतच. मग ध्रुवाभोवती गोल फिरलेल्या रेघांचे फोटो लोक फोनवर काढतात तरी कसे? अर्धा तास शटर उघडं ठेवणारं एखादं अॅप आहे का?

असं अॅप शोधत बसू नका. ते मिळालं तरी तुमच्या आकाशाखाली हाती पांढरा कागदच येईल. फिल्मच्या काळात शटर उघडं ठेवून लोक तासन्‌तास बसत, पण तेही गावदिव्यांपासून लांब जाऊन. आता रेघांचा फोटो एका दमात काढायचा नसतो. छोटे छोटे शेकडो फोटो ओळीने काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे.

आधी अॅस्ट्रो मोडचा गैरसमज दूर करू. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ सोबत हा प्रकार लोकप्रिय केला: जास्तीत जास्त १६ सेकंदांची एकेक अशी १५ एक्स्पोजर, मिळून चार मिनिटं. पण ती एकत्र करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधले तारे ओळखतं, सरकवतं आणि एकमेकांवर नेमके बसवतं. म्हणजे तारे हलले हे लपवणं हेच त्याचं काम. तुम्हाला हवं आहे नेमकं उलटं. इतर कंपन्यांचे आकाशासाठीचे मोडही बहुतेक याच वाटेने जातात. काही फोनांत मात्र 'स्टार ट्रेल' नावाचा वेगळा मोड असतो. तो असेल तर एकदा जरूर चालवून बघा. पण त्यात मधला एखादा फोटो बिघडला तर तो काढून टाकता येत नाही, म्हणून मी स्वतः तो वापरत नाही. साधा नाइट मोडही नको. हात हलला असं समजून तो फ्रेम्स जुळवत बसतो आणि गोंगाट (कमी उजेडात फोटोत येणारे खरखरीत दाणे) पुसता पुसता बारीक तारेही पुसून टाकतो.

आता या सगळ्यातलं मुख्य गणित. एकदा ते डोक्यात बसलं की सेटिंग्ज पाठ करावी लागत नाहीत.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते. म्हणजे आकाश तासाला साधारण १५ अंश सरकतं, सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). फोनचा मुख्य कॅमेरा लांब बाजूने सुमारे ७० अंश आकाश पाहतो आणि १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या बाजूला जवळपास ४००० पिक्सेल असतात. भागाकार केला तर एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण ६० विकला येतात. याचा अर्थ, खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेषेजवळचा) तारा एका पिक्सेलवर फक्त चार सेकंद थांबतो. मग शेजारच्या पिक्सेलवर जातो.

त्या चार सेकंदांत त्या पिक्सेलला ताऱ्याचा जो काही उजेड मिळायचा तो मिळाला. त्यानंतर शटर आणखी २६ सेकंद उघडं ठेवा नाहीतर २६ मिनिटं, त्या पिक्सेलवर ताऱ्याचा एक कणही वाढत नाही. वाढतो तो फक्त आकाशाचा उजेड, कारण आकाश कुठे जात नाही, ते प्रत्येक पिक्सेलवर सतत सांडत राहतं. ३० सेकंदांच्या फोटोत तारा सात पिक्सेलची इवलीशी रेघ काढतो आणि तिच्यामागचं आकाश १० सेकंदांच्या फोटोच्या तिप्पट उजळ होतं. रेघेचा उजेड तेवढाच, पार्श्वभूमीचा तिप्पट. मातकट पिवळं आकाश आलं ते इथून.

तारा एका पिक्सेलवर टोकदार कधीच पडत नाही, दोन-तीन पिक्सेलभर पसरतो. म्हणून चार सेकंदांऐवजी आठ-दहा सेकंद शटर धरणं व्यवहारात बरं पडतं. शहराच्या कडेला मी ८ ते १० सेकंद ठेवतो. खरोखर काळोखी जागा असेल तर १५, २०, अगदी ३० सुद्धा. तिथे शटर लांब ठेवण्याचं कारण फाइल्स कमी होतात एवढंच. ध्रुवाच्या जवळचे तारे अर्थातच हळू सरकतात. ध्रुवबिंदूपासून १० अंशांवरचा तारा एका पिक्सेलवर वीसेक सेकंद रेंगाळतो, त्यामुळे तिथले मंद तारेही रेघ सोडतात. मधली वर्तुळं नेहमी दाट दिसतात त्याचं हे एक कारण.

रचण्याची पद्धतही याच गणितावर चालते. सॉफ्टवेअरला 'लाइटन' पद्धतीने फोटो रचायला सांगायचं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी शेकडो फोटोंपैकी ज्या फोटोत तो सर्वांत उजळ आहे तीच किंमत ठेवायची. बेरीज नाही, सरासरी नाही. आकाशाचा उजेड त्यामुळे साठत नाही, एका फोटोत होता साधारण तेवढाच राहतो. तारा मात्र प्रत्येक फोटोत नव्या जागी असतो, तिथे तो जिंकतो, आणि रेघ लांबत जाते. दिव्यांच्या उजेडातही हा प्रकार जमतो तो यामुळेच. आकाशगंगा तिथून कधी येणार नाही, पण ठळक ताऱ्यांच्या शंभरेक रेघा सहज येतात, आणि खरं सांगायचं तर मोजक्या रेघांचा फोटो पुष्कळदा जास्त देखणा दिसतो. काळ्याकुट्ट आकाशाखाली काढलेले काही फोटो बघितले की रेकॉर्डवर फडकं घासल्यासारखं वाटतं.

रेघ जास्त उजळ कशाने होईल? भिंगाच्या तोंडाने. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं तोंड जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचं असतं, अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीपेक्षाही लहान. अल्ट्रावाइडचं तर आणखीच बारीक, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या घरातलं. म्हणून जास्त आकाश मावतं या मोहाने अल्ट्रावाइड लावू नका. तारे कित्येक पटींनी कमी येतील आणि कोपऱ्यांत ताणले जातील ते वेगळंच. मुख्य कॅमेरा, १एक्स, विषय संपला. २एक्सवरही जाऊ नका. कमी उजेडात फोन स्वतःच भिंग बदलून मुख्य कॅमेऱ्याचा मधला तुकडा मोठा करून देतो आणि तुम्हाला सांगतही नाही.

आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ८०० पासून सुरू करा. एक फोटो काढा आणि बघा: आकाश राखाडीच्या अलीकडे, गडद निळसर दिसलं पाहिजे, काळं ठार नको. फार काळं असेल तर १६००, फिकट असेल तर ४००. ठळक ताऱ्यांचा रंग टिकवायचा असेल तर आयएसओ खाली ठेवलेला बरा. आयएसओ चढवला की मृग नक्षत्रातले तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे तारे दोघेही पांढरे होतात, आणि रंगीत रेघा हेच तर या फोटोचं सुख. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोच्या रंगछटेचं सेटिंग, ४००० केल्व्हिनच्या आसपास पक्का करून टाका. ऑटोवर ठेवलात तर मध्येच एखादी गाडी दिवे टाकत जाते, फोन रंग बदलतो, आणि रेघेचा अर्धा भाग निळा, अर्धा पिवळा.

फोकस हातानेच करा. स्लायडर अनंताच्या खुणेपर्यंत नेला की झालं असं समजू नका. पुष्कळ फोनांत खरी जागा त्या टोकाच्या किंचित अलीकडे असते. दूरचा, किमान दोन-तीनशे मीटरवरचा दिवा पडद्यावर मोठा करून बघा आणि स्लायडर मागेपुढे करत तो सर्वांत बारीक कुठे होतो ते पकडा. ठळक ग्रह असेल तर तोही चालतो. एकदा जागा सापडली की तो आकडा लिहून ठेवा. त्या फोनला पुढेही जवळपास तोच लागतो, तरी दर वेळी एक फोटो काढून मोठा करून बघाच. ऑटोफोकसने माझी एक अख्खी रात्र घालवली आहे. पहिले साठ फोटो सुईसारखे, मग काय हुक्की आली कोण जाणे, पुढचे सगळे तारे वाटाण्याएवढे.

आता फोटोंमधल्या फटी. नवखे लोक सर्वांत जास्त अडकतात ते इथेच, म्हणून जरा थांबतो.

दोन फोटोंच्या मध्ये फोन किती वेळ आंधळा असतो, तेवढी रेघेत फट पडते. चार सेकंदांना एक पिक्सेल हे मघाचं गणित इथेही लागू. फट एका सेकंदाची असेल तर पाव पिक्सेल, कुणाला दिसणार नाही. चार-पाच सेकंदांची असेल तर रेघेला मणी ओवल्यासारखा पोत येतो. दहा सेकंद गेली तर सरळ तुटक रेघा. तुमचा फोन किती वेळ घेतो हे तपासायला आकाश लागत नाही. दिवसा कॅमेऱ्यावर बोट ठेवा, १० सेकंदांच्या शटरने ओळीने दहा फोटो काढा, आणि त्यांच्या माहितीत लिहिलेल्या वेळा बघा. पहिला ४:१५:०० ला आणि दहावा ४:१६:३९ ला असेल तर मध्ये नऊ टप्पे, ९९ सेकंद, म्हणजे टप्प्याला ११ सेकंद. फट एक सेकंदाची. उत्तम. टप्पा २० सेकंदांचा निघाला तर समजायचं की प्रत्येक फोटोनंतर फोन तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो गुपचूप काढतो आहे आणि गोंगाट वजा करतो आहे. सेटिंग्जमध्ये लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन असं काही दिसलं तर ते बंद करा. बंद होत नसेल तर दुसरं कॅमेरा अॅप घ्या.

अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे मोफत अॅप पुष्कळांना पुरतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा२ एपीआय' हा पर्याय चालू केला की हाताने शटर, आयएसओ, फोकस मिळतात (किती लांबीचं शटर मिळेल ते फोनवर अवलंबून) आणि रिपीटची सोय आहे, शटर एकदाच दाबायचं. इंटरव्हल देणाऱ्या, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणाऱ्या अॅपमध्ये एक खोच असते. काही अॅप इंटरव्हल एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. अशा अॅपमध्ये शटर १० सेकंद आणि इंटरव्हलही १० ठेवलं तर पुढच्या फोटोची वेळ येते तेव्हा आधीचा अजून साठवला जात असतो. ती संधी हुकते आणि अॅप थेट विसाव्या सेकंदाला उठतं. एक सेकंद जास्त द्या, ११ ठेवा.

आयफोनच्या मूळ कॅमेरा अॅपमध्ये शटर हातात येत नाही. ट्रायपॉडवर नाइट मोड ३० सेकंदांपर्यंत जातो, पण तो वर सांगितलेलाच जुळवाजुळवीचा प्रकार. तिथे 'नाइटकॅप'सारखं रेघांचा मोड असलेलं अॅप घ्यावं. ते रचण्याचं काम फोनमध्येच, डोळ्यांदेखत करतं.

फाइल्सचा हिशेब: १० सेकंदांचं शटर म्हणजे तासाला सव्वातीनशे फोटो. जेपेग चार एमबीची धरली तर सव्वा जीबी. १२ मेगापिक्सेलची रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली) २४ एमबीपर्यंत जाते, म्हणजे तासाला सात-आठ जीबी, शिवाय लिहायला वेळ लागून फटी वाढतात. रॉचे गुण मला मान्य आहेत, पण या कामाला मी जेपेगच वापरतो.

किती वेळ काढायचे? तासाला १५ अंश, म्हणजे दोन तासांत वर्तुळाचा बारावा हिस्सा. ऐकायला थोडं वाटतं, पण फोटोत दोन तास भरपूर होतात, कारण डोळा उरलेलं वर्तुळ स्वतः पुरं करतो. ४५ मिनिटांच्या खाली मात्र रेघा नुसत्या फटकाऱ्यांसारख्या दिसतात.

कॅमेरा कुठे रोखायचा यावर फोटोचा आकार ठरतो. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्याकडे रोखला तर वर्तुळं. ध्रुव शोधायला सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतु यांना जोडणारी रेघ क्रतुच्या बाजूने पाचपट वाढवा. सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम अक्षरासारखा आकार बघा. क्षितिजापासून ध्रुवाची उंची तुमच्या अक्षांशाएवढीच असते, त्यामुळे २० अंशांवर राहणाऱ्याला तो खाली, झाडांच्या शेंड्यांशी सापडतो आणि वर्तुळांचा खालचा भाग जमिनीत जातो. त्यात बिघडत काही नाही, उलट समोर घर किंवा झाड ठेवायला सोय होते. ध्रुवताराही अगदी स्थिर नसतो बरं का. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे दोन-तृतीयांश अंशाने बाजूला आहे. दोन तासांच्या फोटोत मध्यभागी ठिपक्याऐवजी चिमुकला कंस दिसला तर ट्रायपॉड हलला म्हणून घाबरू नका. दक्षिण गोलार्धात असा ठळक तारा नाही. त्रिशंकू या क्रुसासारख्या तारकासमूहाचा लांब दांडा साडेचारपट वाढवून जागा अंदाजाने धरावी लागते.

पूर्वेला किंवा पश्चिमेला रोखलात तर वेगळीच गंमत. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो उगवताना किंवा मावळताना धरला तर त्याच्या तीन रेघा जवळपास सरळ येतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींकडे पाठ करून उलट दिशांना वाकतात. नवख्याने पहिल्यांदा हाच फोटो काढावा असं माझं मत आहे. ध्रुव शोधायची कटकट नाही, तारे ठळक, आणि रंगही मिळतात.

वेळ सूर्यास्तानंतर लगेचची नको. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाश पुरतं काळं होत नाही. चंद्र मात्र पूर्ण टाळायलाच हवा असं नाही. पाठीमागे चार-पाच दिवसांची कोर असेल तर समोरचं झाड, भिंत छान उजळते.

जागेवरच्या बारीकसारीक गोष्टींतली मोठी शत्रू एकच: दव. फोन थंड होतो, भिंगावर धुकं धरतं, आणि ते हळूहळू धरतं म्हणून पडद्यावर कळत नाही. माझा एक फोटो असा आहे की रेघा डावीकडे ठसठशीत सुरू होतात आणि उजवीकडे विरघळून जातात. बघणारे विचारतात, ही शैली कशी आणलीस? शैली कसली, दव पडलं होतं. फोनच्या पाठीला भिंगाजवळ, पण भिंगासमोर येणार नाही असा, हात शेकायचा छोटा पॅक रबरबँडने बांधा. तासाभराने एकदा टॉर्चच्या तिरक्या उजेडात भिंग बघा, पण बघताना फोनला धक्का नको. पुसावंच लागलं तर तिथून नवी मालिका सुरू झाली असं धरून चाला.

बाकी झटपट. कव्हर काढून ठेवा, भिंगावरची जास्तीची काच असेल तर तीही. फोन एअरप्लेन मोडवर, सूचना बंद, पडद्याची चमक तळाला. पॉवरबँक आधीच जोडा, मध्ये वायर खुपसलीत की चौकट हललीच. वायर ट्रायपॉडला बांधा, लोंबकळती सोडू नका. चार्जिंग आणि सततचं शटर मिळून काही फोन तापतात आणि कॅमेरा बंद करतात, म्हणून बॅटरी पुरत असेल तर पॉवरबँक नकोच. ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवा, मधला दांडा वर काढू नका. आणि पहिला फोटो टायमरने किंवा ब्लूटूथ रिमोटने सुरू करा.

मालिका संपली की लगेच उठू नका. भिंग झाका आणि त्याच शटरवर, त्याच आयएसओवर आठ-दहा काळे फोटो काढा. सेन्सरवर काही पिक्सेल गरम होऊन आपोआप चमकतात. लाइटन पद्धत उजळ तेवढंच उचलते, त्यामुळे असा प्रत्येक पिक्सेल शेवटच्या फोटोत न हललेला लाल-निळा तारा म्हणून मिरवतो. काळे फोटो वजा केले की त्यातले बरेच जातात.

रचायला संगणकावर 'स्टारस्टॅक्स' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फोटो टाका, काळे फोटो वेगळ्या खणात टाका, पद्धत निवडा. त्यात फटी भरणारी पद्धतही आहे, छोट्या फटी ती बऱ्यापैकी बुजवते. रचण्याआधी सगळे फोटो एकेक करून चाळा, तेही लहान करून नव्हे, पूर्ण पडद्यावर. विमान गेलेल्या फोटोत ती पट्टी तेवढी काळ्या ब्रशने रंगवा, लाइटन काळ्याकडे बघतही नाही. अख्खा फोटो मात्र टाकून देऊ नका, नाहीतर तिथे १२ सेकंदांची नवी फट पडेल. उपग्रहांच्या रेघा हल्ली प्रत्येक रात्री असतात. सगळ्या पुसायच्या म्हटलं तर पहाट होईल, मी फक्त ठळक तेवढ्या पुसतो.

समोरचं झाड किंवा घर लाइटनमध्ये खरखरीत येतं, कारण शेकडो फोटोंतला सर्वांत उजळ गोंगाट तिथे गोळा झालेला असतो. त्यासाठी त्याच फोटोंची एकदा सरासरी काढून ठेवा. सरासरीत गोंगाट गळून पडतो. मग जमीन सरासरीतली आणि आकाश लाइटनमधलं असं एका मास्कने जोडा. रेघांची टोकं कापल्यासारखी वाटत असतील तर पहिले आणि शेवटचे पंधरा-वीस फोटो क्रमाक्रमाने गडद करून पुन्हा रचा, टोकं निमुळती होतात.

आणि ते सव्वातीनशे फोटो लगेच उडवू नका. सेकंदाला २४ या वेगाने लावले तर आकाश फिरताना दाखवणारा १३-१४ सेकंदांचा व्हिडिओ त्यातच तयार आहे.